आत माणूस आहे

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनाही पुढे घ्या. मनात जागा असली की जमिनीवर होतेच. आज एक गोष्ट ऐकायची आहे, आणि ती वाऱ्याची आहे. वादळाची नव्हे, आईनं गरम दुधावर घातलेल्या फुंकरीइतक्या वाऱ्याची. मोठ्यानं सांगितली तर उडून जाईल, म्हणून हळू सांगायची आणि हळू ऐकायची. तिच्यात राजा नाही. लढाई म्हणाल तर आहे, पण तलवार नाही. एक बाई आहे, एक फुटका चष्मा आहे, खिळ्याला टांगलेला एक बिल्ला आहे, आणि लोकांनी दहादा मेलं म्हणून सोडलं तरी उठून बसणारं एक शहर आहे. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

दुपारची, गिऱ्हाईक नसण्याची वेळ. चष्म्याच्या दुकानाचे मालक मागच्या खोलीत काच घासायच्या यंत्रापाशी डुलक्या घेत होते आणि पुढे काउंटरवर ती फ्रेमा पुसत बसली होती. दारातून एक माणूस आला तो हात पुढे करून, पायरी कुठे संपते याचा अंदाज घेत. रुमालात गुंडाळलेला चष्मा त्यानं काउंटरवर सोडला. लॉजच्या खोलीत सकाळी त्याचाच पाय त्यावर पडला होता. एक काच तडकली होती, दुसरी निखळून कुठे गेली ती सापडलीच नव्हती. आजच हवा, तो म्हणाला, इथलं एक छोटंसं काम उरकायचंय आणि संध्याकाळची गाडी पकडायचीय, आणि चष्म्याशिवाय आपला कारभार म्हणजे आंधळी कोशिंबीर. ती हसली. नंबरचा कागद त्याच्या पाकिटात होता. उरलं होतं ते दोन बुबुळांमधलं अंतर मोजणं. तिनं त्याला उंच स्टुलावर बसवलं, समोर बसून त्याच्या नाकावर छोटी पट्टी धरली, आणि रोज प्रत्येकाला म्हणायची तसं म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा." त्यानं बघितलं. आणि तिला पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले.

डोळे ओळखीचे होते. हे नाक तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, हे जाडसर ओठ, हनुवटीवरचे दाढी करताना राहून गेलेले खुंट, हे सगळं परकं होतं, एखाद्या परक्या घरात आपल्या आजोळचा पितळी दिवा दिसावा तसे त्या चेहऱ्यात ते डोळे होते. उजव्या बुबुळाच्या कडेला, खालच्या अंगाला, तपकिरी रंगात एक पिवळट थेंब सांडलेला. असा थेंब देव दोघांना देत नाही. तिच्या हातातली पट्टी किंचित घसरली आणि तो म्हणाला, "गुदगुल्या होतात हो," आणि तिनं माफ करा म्हटलं, पण तिच्या कानांत एकाएकी आवाज भरला होता: घुमणारा, न थांबणारा, दूरच्या पाण्यासारखा. तो आवाज खरंच होता. दुकानाच्या समोर, रस्त्यापलीकडे, जुन्या कारखान्याच्या फाटकाशेजारच्या एका खोलीत पंखे अजून चालू होते. इतकी वर्षं रात्रंदिवस ऐकून तो तिला ऐकू येईनासा झाला होता, आपलंच रक्त ऐकू येत नाही तसा. आता आला. कारण आता तिला कळलं होतं की समोर स्टुलावर बसलेला माणूस तो बंद करायला आला आहे.

हे तिला डोळ्यांवरून कसं कळलं, असं कुणी विचारेल. ज्या शहरात माणसं माणसांना नुसत्या डोळ्यांवरून ओळखत, त्या शहराची ती बाई. तिथे पूर्वी माळ होता आणि त्यावर टोचणारं गवत. मग कारखाना आला. नखाएवढ्या तुकड्यावर अख्ख्या शहराएवढे रस्ते कोरायचे, अशा चिप तिथं बनत, आणि त्या रस्त्यांवर धुळीचा कण पडला तर डोंगर कोसळल्यासारखं. म्हणून त्या बनायच्या खोलीत हवा गाळून सोडलेली, छतातून जमिनीकडे सारखी वाहती, आणि माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, तोंडावर पट्टी, हातात मोजे, उघडे फक्त डोळे. त्या खोलीला कुणीच तिचं कागदावरचं नाव घेऊन बोलवत नसे. तिला म्हणत 'आत'. आणि बाकी जे काही देवानं निर्माण केलं, सूर्य, समुद्र, सासू-सासरे, ते सगळं 'बाहेर'. त्या काळात मुलीचं लग्न जमवताना पहिला प्रश्न असे, मुलगा आत आहे का? दुसऱ्या कुठल्याही गावात हा प्रश्न ऐकून मुलाच्या बापानं चप्पल काढली असती. इथं तो छाती फुगवून सांगे, पाच वर्षं झाली, आतच आहे.

आत जायच्या दारात एक लांब, बुटकं, स्टीलचं बाक होतं आडवं टाकलेलं. बाकाच्या अलीकडची जमीन बाहेरची, पलीकडची आतली. पांढरे कपडे आणि पट्टी चढवून अलीकडे बसायचं, एका पायातला जोडा काढायचा, त्या पायात पांढरा बूट चढवायचा, आणि तो पाय जमिनीला न लावता बाकावरून फिरवून पलीकडे टेकवायचा. मग दुसरा. मध्ये क्षणभर माणूस एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा बसलेला असतो, ना बाहेरचा ना आतला. नव्या माणसाला हे शिकवायचं काम तिचं. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून थोराड सुद्धा. बाकाशेजारी उभी राहून ती म्हणायची, "पाय उचला. जमिनीला लागू देऊ नका." इतक्यांना, इतकी वर्षं म्हटलं, की शहरात कुठेही, बागेत, दवाखान्यात, बसच्या थांब्यावर, कुणी बाकावरून उठताना पाय आखडून गोलात फिरवला की ती समजे, हा आपला. घरी तीही उंबरठा तसाच ओलांडायची. नवरा म्हणायचा, उंबरठ्यावर काय नाग बसलाय? तो कारखान्याची बस चालवायचा; त्याला आत काय असतं ते जन्मभर ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. देवळातला गाभारा पुजाऱ्यानं बघावा, म्हणायचा, माणसं आणून सोडायचं पुण्य माझं. तो गेला त्यालाही आता दिवस झाले.

बस भरभरून माणसं यायची. कुठकुठून. ज्यानं त्यानं सामानाची खोली झाडून भाड्यानं दिली. ज्याच्याकडे खोली नव्हती त्यानं जिन्याखालची जागा दिली. तीन पाळ्या, म्हणून केशकर्तनालय पहाटे उघडं, शिंपी मध्यरात्री जागा. चष्मेवालेही तेव्हाच आले. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणाऱ्यांच्या गावात चष्म्याचं दुकान टाकणारा माणूस उपाशी मरत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य होतं, आणि त्या वाक्यावर त्यांनी दोन मजले चढवले. आता वरचा मजला रिकामा होता आणि वाक्य ते म्हणत नसत. कारण शहर एका दिवसात जात नाही. दात जातात तसं जातं. आधी एक हलतो. रात्रीची एक बस कमी झाली; मग कँटीनचा दुसरा काउंटर बंद; मग फाटकापाशी कुंड्यांना पाणी घालायला कुणी येईना. काम दुसरीकडे चाललं होतं, जिथे जमीन स्वस्त आणि पाणी फुकट आणि माळावरचं गवत अजून टोचत होतं अशा कुठल्या तरी नव्या शहराकडे. वर्तमानपत्रात या शहराचा फोटो आला, खाली लिहिलेलं, संपलेलं शहर. फोटोत तिच्या गल्लीतली दोरी होती आणि दोरीवर वाळत घातलेली तिचीच चादर. ती वर्तमानपत्रवाल्याकडे गेली आणि म्हणाली, संपलेल्या शहरात चादरी कोण धुतं, ते छापा. लेक फोनवर म्हणाली, आई, ये ना माझ्याकडे, तिथे आता काय उरलंय. "मी उरलेय," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला त्या वाक्याची थोडी भीती वाटली होती आणि थोडा अभिमानही, आणि कुठलं जास्त ते तिनं मोजलं नव्हतं.

"झालं का?" स्टुलावरचा माणूस विचारत होता.

झालं नव्हतं. तिनं पट्टी पुन्हा धरली. आणि पुन्हा तो पिवळा थेंब. पाहुणा. आत सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. बंद होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी तो आला होता, शिकायला म्हणून, फार अदबीनं. बाकावर तिनंच त्याला बसवलं होतं, तिनंच पाय उचलायला लावला होता. कुठल्याही गोष्टीला तो का म्हणून विचारायचा, आणि का म्हणून विचारणारा विद्यार्थी मिळाला की ती फुलायची. तिनं हातचं राखलं नाही. मग तो गेला, आणि त्या नव्या शहरात असंच बाक, अशीच हवा, असंच सगळं उभं राहिलं, आणि इथलं गेलं. लोक म्हणाले, ताई, पाहुण्याला तुम्हीच घर दाखवलंत. ती तेव्हाही मान खाली घालून बसली नव्हती. शिकवणं हे चोराला किल्ली देणं नसतं, ती म्हणाली होती. दिव्यानं दिवा लावला तर पहिला दिवा विझत नाही, तो विझवायला कुणाला तरी फुंकर मारावी लागते.

आणि फुंकर मारायला तोच आला होता. कचेरीतून कळवलं होतं की आज एक अधिकारी येतील आणि शिकाऊ खोलीची हवा कायमची तोडून जातील. फाटकाशेजारची ती लहान खोली: एक बाक, तीन टेबलं, नव्यांना हात बसेपर्यंत शिकवायची जागा. मोठा कारखाना केव्हाच थंड पडला होता, पण या खोलीची हवा वेगळी होती आणि ती अजून वाहत होती. आतल्यांपैकी गावात उरलेल्या पाच-सहा जणांनी ती मागितली होती. दवाखान्यातल्या यंत्रांना लागणारे दाब मोजायचे इवले तुकडे बनवायचे, घेणारा एक जण तयार होता, हात तयार होते. मागणीला उत्तर नव्हतं. आणि हवा एकदा तुटली की संपलं. गाळण्यांमध्ये धूळ बसते, भिंतींना बसते, सांध्यांत शिरते, मग ती खोली पुन्हा जिवंत करायला नवी बांधण्याहून जास्त लागतं, आणि ते यांच्यापैकी कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. हवा आहे तोवर खोली आहे. खोली आहे तोवर 'आत' आहे. आणि ते तोडणाऱ्याचे डोळे या क्षणी तिच्या पट्टीखाली होते, आणि त्याला दिसत नव्हतं.

मनात येऊ नये ते आलंच. माणूस आहे, येतं. पट्टी केसभर इकडे-तिकडे धरली की झालं. चष्मा घातल्यावर जमीन तिरकी होते, डोकं भणभणतं, वाचता येत नाही. किंवा नुसतं म्हणायचं, काच संपलीय, उद्या या. संध्याकाळची गाडी जाते, एक दिवस मिळतो. मागून चष्मेवाले जांभई देत आले आणि म्हणाले, काय बाई, होईल ना आज? तिच्या तोंडात 'नाही' आलेलंच होतं. ते जिभेवर धुळीसारखं लागलं. इतकी वर्षं ज्या बाईनं एक कण आत जाऊ दिला नाही तिनं आता स्वतःच्या हातानं कण टाकायचा, तर मग ते वर्तमानपत्र खरं ठरलं. मग शहर संपलंच. आणि दुसरं असं, की आंधळ्याला हरवण्यात काय आहे. बघू दे त्याला. चांगलं लख्ख बघू दे. तिनं श्वास रोखला, आकडा वाचला, पुन्हा वाचला, कागदावर लिहिला आणि म्हणाली, "होईल. उत्तम होईल."

चष्मेवाले मागच्या खोलीत काच घासत होते, आणि तो बोलत बसला. न दिसणारा माणूस जरा जास्तच बोलतो. समोरच्याचा चेहरा त्याला अडवत नाही. तुमचं शहर पूर्वी फार जोरात होतं, म्हणाला; मी इथे होतो काही दिवस. आता नव्या शहरात असता का, तिनं फ्रेम पुसत विचारलं. तिथे होतो, तो म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला की तिथलंही आता आटत चाललंय, काम आणखी पुढे सरकलं, रात्रीची बस मागच्याच महिन्यात बंद झाली. हे सांगताना तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, आणि ती डोळेच बघत होती. आता माझं काम म्हणजे गावोगाव जाऊन दिवे मालवायचे, तो म्हणाला. इथलं एक राहिलंय, त्याचीही गंमतच, सगळा कारखाना बंद पण एक खोली चालू, का तर म्हणे तिथला वायरमन खटका खाली ओढायला तयार नाही. तिच्या हातातली फ्रेम पुसून झाली होती तरी ती पुसत राहिली. तिकडे नव्या माणसांना आत शिरायला कोण शिकवायचं, तिनं विचारलं. मीच, तो म्हणाला. इथे एक ताई होत्या, त्यांच्याकडे शिकलो. भारी कडक बाई. चेहरा कधी बघितला नाही, पण त्यांनी शिकवलेलं पायातून जात नाही हो. "बायको म्हणते, तुम्ही पलंगावरून सुद्धा असे उतरता की खाली जणू विस्तव आहे."

चष्मा झाला. तिनं तो दिव्यासमोर धरून बघितला, दांड्या किंचित गरम करून वळवल्या, त्याच्या कानांमागे बसवल्या. तो अजून पापण्या मिचकावत, जग पुन्हा जागेवर बसायची वाट बघत होता. स्टुलासमोर फ्रेमांचा एक बुटका खोका पडलेला होता. तो उतरायला लागला तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी होती, हात मागे बांधून, आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाली, "पाय उचला. जमिनीला लागू देऊ नका."

पाय उचलला गेला. गुडघा आखडला, पाऊल खोक्यावरून गोलात फिरलं आणि पलीकडे टेकलं, अलगद. आणि तो तसाच राहिला, खोका दोन पायांच्या मध्ये, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. नव्या काचांतून त्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मग खाली, नाकाकडे, ओठांकडे, म्हातारपणानं ओघळलेल्या गालांकडे, आणि पुन्हा डोळ्यांकडे.

"ताई."

"चेहरा पहिल्यांदाच बघताय," ती म्हणाली. "नीट दिसतोय ना? मग चला. तुमचं काम उरकायचंय."

रस्ता ओलांडताना तो बरंच काही बोलला. वरून हुकूम आहे, आपल्या हातात काही नाही, आपण नाही केलं तर दुसरा कुणी येईल, आपल्यालाही दोन पोरं आहेत. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिच्या मनात बुवा होता. बुवा म्हणजे ॲसिडच्या टेबलावरचा, लांब हातांचा, गळ्यात देवाचं नाव घेऊनच जन्मलेला माणूस. आत बोलायलाही मनाई, कारण बोललं की तोंडातून कण उडतात. बुवा पट्टीच्या आत भजन गुणगुणायचा. धूळ मोजायच्या यंत्राचा आकडा त्याच्या टेबलापाशी हळूच चढायचा, कडव्याला चढायचा, ध्रुपदाला जास्त चढायचा. साहेबांनी बोलावून विचारलं तर हात जोडून म्हणाला, साहेब, मी गात नाही, श्वास घेतो, तो सुरात येतो त्याला काय करू. साहेबांनी शेवटी त्याला कामावरून काढला नाही, टेबलासकट कोपऱ्यात हलवला, हवा बाहेर ओढणाऱ्या जाळीपाशी, म्हणजे भजन परस्पर देवाकडे. नंतर तो शिकाऊ खोलीत नव्यांना ॲसिड हाताळायला शिकवायचा. छत्री विसरायचा, डबा विसरायचा, एकदा बायकोला दवाखान्यात विसरून घरी आला होता. पण बिल्ला कधी विसरला नाही.

बिल्ल्याचं सांगायचं राहिलं. खोलीबाहेर, हवेच्या खटक्यावरच, एक लाकडी फळी आणि तिला खिळे. आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. नियम दोनच. आत माणूस असताना हवा तोडायची नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा बाप. अगदी सुरुवातीला कुणी तरी चांगुलपणानं दुसऱ्याचा विसरलेला बिल्ला काढून ठेवला होता, आणि तो विसरलेला नव्हता. वाफा कोंडलेल्या खोलीतून त्या माणसाला ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. वाचला, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून हा नियम राहिला नाही, शपथ झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले. बायका रडल्या, बाप्ये उगाच खोकले. बुवाचा खिळ्यावर राहिला. नंतर कुणी आठवण केली तर तो नुसता हसला आणि म्हणाला, राहू दे, जाईन कधी तरी आणायला. त्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. आणि कचेरीतून हवा तोडायचा हुकूम आला तेव्हा वायरमननं फळीकडे बघितलं आणि उलट कळवलं, जमत नाही, आत माणूस आहे. तिकडून विचारणा, कोण माणूस? यानं बुवाचा नंबर कळवला. तिकडून, तो तर मयत आहे. यानं, असेल, पण बाहेर आलेला नाही.

वायरमन खुर्ची टाकून फळीखालीच बसला होता. पाहुण्याला बघून उठला, कारण माणूस रीतीचा. पण बाजूला झाला नाही. फळीवर एकच बिल्ला, कडेनं पिवळा पडलेला, फोटोतल्या बुवाचे केस तेवढे काळे. पाहुण्यानं चष्मा नाकावर सारखा केला. फोटो बघितला, नंबर वाचला. मग हात पुढे केला.

"काढा, साहेब," वायरमन म्हणाला. "मी नाही काढणार. ज्याचा त्यानं."

"अहो, तो वारलाय."

"मग त्याला सांगा येऊन काढायला."

तिला ते ऐकू आलं ते पाठीमागून. ती केव्हाच बाकावर बसली होती. कपाटात कपडे होते, घडी न मोडलेले; ते आणि पट्टी तिनं चढवली होती. बूट तिच्या मापाचे. एक जोडा उतरवला, बूट चढवला, पाय फिरवला. गुडघ्यात कळ आली, आणि त्या कळेसकट पाऊल पलीकडे टेकलं, आणि तळव्याखालून वर, नडगीतून, मांडीतून काही तरी चढत गेलं, विहिरीत पोहरा सोडल्यावर दोर ओला होत यावा तसं. ती तशीच थांबली, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. संपलेलं शहर, ती मनात म्हणाली. कोण ठरवतं? ज्यांच्या चपला नेहमी बाकाच्या अलीकडेच राहिल्या ते? काम जातं, जाऊ दे, पाणीही जातं, म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. त्या दुसऱ्या शहराचंही जाईल, तिसऱ्याचंही, आणि हे पळत राहतील हातात विझवायच्या फुंकरी घेऊन. पण शिकलेला पाय कुठे जातो? तो या माणसाच्या पलंगाखाली सुद्धा जमिनीला लागत नाही. तिनं पर्समधून आपला बिल्ला काढला. तो तिनं कधीच जमा केला नव्हता; शेवटच्या दिवशी कचेरीतल्या बाईनं मागितला तेव्हा हरवला म्हणून सांगितलं होतं, आणि देवानं त्या खोट्याकडे काणाडोळा केला असावा. बाकावरूनच हात लांबवून तिनं तो वायरमनकडे दिला आणि वायरमननं काही न विचारता तो बुवाच्या शेजारच्या खिळ्यावर लावला.

पाहुण्याचा हात अजून हवेत होता, बुवाच्या बिल्ल्यापासून बोटभर अलीकडे. "ताई, असं करू नका," तो म्हणाला. "मला नोकरी आहे."

"मलाही होती. मी काही तुमचा हात धरलेला नाही." दुसरा पाय उचलण्याआधी तिनं शेवटचं विचारलं, "पहिला नियम काय शिकवला होता?"

त्यानं उत्तर द्यायचं नव्हतं. त्याचं तोंडही त्याच्या पायासारखंच निघालं. "आत माणूस असताना," तो म्हणाला, आणि थांबला. उरलेलं तिनं ऐकायला थांबायचं कारण नव्हतं. तिनं दुसरा पाय फिरवला आणि आत गेली.

आत हवा होती. छतातून येणारी, कुणाची जवळीक न साधता सगळ्या अंगावरून उतरणारी. तीन टेबलं, रिकामी, चकाकणारी. कोपऱ्यात धूळ मोजायचं यंत्र, त्याचा आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला, ध्यानस्थ. ती मधोमध उभी राहिली, हात मागे बांधून. भीती वाटत होती. वाटली नाही असं सांगणं खोटं होईल. वर बघितलं, पंखे आता थांबतील, आता थांबतील, असं कान म्हणत होते, आणि तो घुमणारा आवाज एकेका श्वासापुरता पुढे चालला होता. आणि मग तिला कळलं की त्या आवाजात सूर आहे. पहिल्यापासून होता, बुवानं तोच धरला होता. तिचा गळा कधी गाण्याचा नव्हता. पट्टीच्या आत तिनं ते ध्रुपद धरलं, चुकत, बेसूर, देवाचं नुसतं नाव. कोपऱ्यातला आकडा हलला. एकानं चढला. मग आणखी. खोलीत कुणी तरी जिवंत आहे, असं यंत्र आपल्या परीनं म्हणत होतं.

काचेपलीकडे पाहुणा फोनवर होता. आज उलट झालं होतं. तिचे फक्त डोळे दिसत होते आणि त्याचा सगळा चेहरा. तिला शब्द ऐकू येत नव्हते. तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, त्या पिवळ्या थेंबाकडे, आणि नंतर वायरमननं सगळ्या शहराला सांगितलं ते तिला तेव्हाच तिथे दिसलं होतं. वरून कुणी तरी ओरडत होतं, आणि तो फळीकडे तोंड करून, चष्मा सारखा करत म्हणत होता, जमणार नाही साहेब. आत माणूस आहे. पलीकडून विचारलं असावं, किती जण? त्यानं दोन्ही बिल्ल्यांकडे नीट बघितलं. दिसत तर आता स्वच्छ होतं.

"दोघं," तो म्हणाला.

त्याची संध्याकाळची गाडी गेली. चष्मेवाले दुकान उघडं टाकून फाटकाशी आले. उरलेले पाच-सहा जण कामं टाकून आले, बाकावर बसले, आणि ठरलं काहीच नव्हतं तरी पाळी लागली: एक बाहेर येतो, दुसरा आत जातो, खोली रिकामी राहत नाही. दुसरा अधिकारी येईल, तिसरा येईल. येऊ देत, बाक आहे बसायला. आणि पाहुणा तिकडे अजून नोकरीवर आहे की नाही ते विचारू नका, ते देवाला ठाऊक आणि त्याच्या बायकोला. आपल्याला एवढंच ठाऊक की जाताना तो फाटकातली फरशी ओलांडून गेला तो पाय उचलून.

गोष्ट झाली. उठताना सावकाश उठा, कुणाच्या पायावर पाय देऊ नका. आणि एक मागणं आहे, जड नाही. बाईला विसरलात तरी चालेल, ती आपलं बघून घेईल. पण कधी उन्हातून घरी याल, कुठल्या तरी फटीतून वाऱ्याची एक झुळूक येईल, आणि तिच्यात सूर असल्यासारखं वाटेल, तेव्हा बुवाची आठवण काढा. त्याचा बिल्ला अजून खिळ्यावर आहे. तो बाहेर आलेला नाही.